जुन्या फायलींवर दर पावसाळ्यात बुरशी येते? आधी खोली तपासा, मग कागद

गोकुळाष्टमीच्या सुमारास मला फोन यायला लागतात. फोन करणारे वाचनालय वेगळे असते, वाक्य मात्र ठरलेले असते : "ताई, गेल्या वर्षी साफ केलेल्या कपाटातच परत पांढरं आलंय." मुंबईतल्या लहान वाचनालयांच्या संदर्भ विभागात जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रांचे बांधीव खंड झाडायला-पुसायला मी बरीच वर्षं जाते आहे. 'अ' वर्गाची वाचनालयं पाहिली, एका खोलीत चालणारी 'ड' वर्गाचीही पाहिली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. बुरशी पुस्तकावर दिसते, पण दुखणं खोलीत असतं. खोलीतलं पाणी सापडेपर्यंत पुस्तक कितीदाही झाडा, पुढच्या श्रावणात ते पुन्हा तसंच होणार.

म्हणून तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करून खर्चिक गोष्टींकडे न्यायची. हा क्रम सोडू नका. पहिल्याच दिवशी यंत्र विकत घेणारे पाहिले आहेत. गळकी पन्हळ तशीच राहिली आणि यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं.

लक्षणं

सुट्टीनंतर सोमवारी सकाळी कुलूप उघडलं की कुबट वास येतो आणि पंखे लावल्यावर तासाभरात जातो. वास गेला की सगळे विसरतात. पण पहिली खूण हीच.

पुठ्ठ्याच्या कापडी पाठीवर पांढरट, हिरवट किंवा राखाडी लव दिसते. कागदाच्या आधी ती कापडावर येते, कारण बाइंडिंगची खळ पिठाची असते आणि बुरशीला पीठ आवडतं. दिवाळी अंकांतली गुळगुळीत चित्रपानं एकमेकांना चिकटतात, कारण त्या कागदावरचा मातीचा लेप ओलाव्याने विरघळून पुन्हा सुकतो. पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट किडे पळताना दिसले तर घाबरू नका. ते कागद खात नाहीत, बुरशीवर जगतात. पण ते दिसले म्हणजे जागा ओली आहे हे नक्की.

काही गोष्टी यासारख्या दिसतात, पण त्या वेगळ्या. तपकिरी ठिपके ब्रशने निघत नसतील आणि हाताला काही लागत नसेल, तर ते जुने डाग आहेत. त्यांना हात लावू नका. पान कडेने पिवळं-तपकिरी होऊन दुमडल्यावर बिस्किटासारखं तुटत असेल, तर तो कागदातल्या आम्लाचा परिणाम. इथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा होता. नीट राखला तर तो आजही वाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. म्हणून १९४० च्या दशकातलं वर्तमानपत्र हातात घेताना, त्याच्याहून शंभर वर्षं जुन्या पुस्तकापेक्षा जास्त जपावं लागतं. अशा कागदावरची बुरशी ब्रशने काढायला गेलात तर बुरशीबरोबर मजकूरही निघतो.

पहिली तपासणी : टॉर्च, वही, पेन्सिल

आधी तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात मोजे. बुरशी लागलेलं पुस्तक नाकाशी नेऊन वास घेण्याची आपल्याला सवय असते, ती सोडा. दमा असलेल्या किंवा नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाला या खोलीत कामाला लावू नका.

टॉर्च समोरून न मारता तिरपा धरा, लव उठून दिसते. मग वहीत कपाटाचा साधा नकाशा काढा : कितवी फळी, भिंतीकडची रांग की दाराकडची, खंडाच्या खालच्या कडेला की पाठीवर. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि उरलेल्या सगळ्या तपासण्या यावर ठरतात. फक्त सगळ्यांत खालच्या फळीवर लव असेल तर ओल जमिनीतून येते आहे. फक्त मागच्या रांगेत असेल तर भिंतीतून. वरच्या फळीवर एकाच कोपऱ्यात असेल तर मान वर करून छत पाहा. आणि सगळ्या कपाटांत, सगळ्या फळ्यांवर सारखीच असेल, तर दोष खोलीतल्या हवेचा.

गेल्या वर्षीची वही असेल तर शेजारी ठेवून पाहा. एका वाचनालयात सलग तीन वर्षं एकाच फळीचा डावा कोपरा बिघडत होता. तिथल्या सेवकांनी तो दरवर्षी मनापासून पुसला. भिंतीपलीकडे शेजारच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप आहे, हे बाहेरच्या गल्लीत जाऊन पाहायचं कोणाला सुचलं नव्हतं.

याच वेळी पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यावर मऊ कोरडा ब्रश हलकेच फिरवा. लव पुडीसारखी उडाली तर बुरशी सध्या सुप्त आहे. ओशट डागासारखी पसरली तर ती जिवंत आहे, आणि तो खंड लगेच बाजूला काढायचा. दुसऱ्या खोलीत नेईपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पण तिथे पोचताच पिशवीतून बाहेर काढा. पिशवीत राहिला तर आतल्या ओलीत बुरशी आणखी फोफावते.

दुसरी : कपाट हलवा

याला खर्च फक्त दोन माणसांच्या श्रमांचा. कपाट भिंतीपासून किमान हातभर अंतरावर ओढा. जागाच नसेल तर निदान चार बोटं तरी. सगळ्यांत खालची फळी जमिनीपासून १५ सेंटीमीटर वर हवी, खाली विटा नाहीतर लाकडी ठोकळे लावा. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये हवा खेळली नाही की तिथला ओलावा तिथेच राहतो.

वर्तमानपत्रांचे मोठे खंड आडवेच ठेवायचे, पण एकावर एक फार चढवू नका. उभे कोंबलेले खंड मी नेहमी पाहते. स्वतःच्या वजनाने त्यांची पाठ फाटते आणि आत वारा जात नाही. बंद पोलादी कपाट असेल तर दिवसातून थोडा वेळ दारं उघडी ठेवा. वर-खाली जाळीची भोकं पाडून घेता आली तर उत्तम. लोखंडी कपाट धूळ आणि उंदीर अडवतं, पण आत शिरलेली ओलही अडवून ठेवतं.

तिसरी : आर्द्रता मोजा, आणि मोजणाऱ्यालाही तपासा

डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात जेवणातलं मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं करा. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७० दाखवले तर यापुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे. ही मिठाची कसोटी फुकटची आहे आणि कधीही करता येते.

मापक टेबलावर ठेवू नका, बिघडलेल्या फळीवर खंडांच्या मागे ठेवा. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा, सुट्टीच्या दिवशीही. आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते. आपण ६० च्या खाली राहायचा प्रयत्न करायचा. परदेशी पुस्तिकांमध्ये ५० वगैरे आकडे असतात. मुंबईच्या जुलैत ते साध्या खोलीला जमणारे नाहीत, त्यामुळे ते जमले नाहीत म्हणून हात टेकू नका.

ऑक्टोबरमध्ये ऊन तापलं की आकडा आपोआप उतरतो, लव सुकते आणि "गेली एकदाची" असं वाटतं. ती गेलेली नसते. तिचे बीजाणू कोरड्या कागदावर पुढच्या जूनपर्यंत वाट पाहतात. कागदाचा जाड खंड तर आतून सुकायला खोलीपेक्षा कितीतरी जास्त दिवस घेतो. म्हणून नोंदी दिवाळीपर्यंत चालू ठेवा.

चौथी : एसी रात्री बंद करता का?

मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हे आहे, म्हणून सविस्तर सांगते.

कोणीतरी देणगी देतं, संदर्भ विभागाला एसी बसतो. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद, शनिवारी-रविवारी पूर्ण बंद. दिवसा मापक समाधानकारक आकडा दाखवतो. मग बुरशी का? जुलैत मुंबईच्या हवेत इतकी वाफ असते की साधारण २५ अंशांपेक्षा थंड वस्तूला ती लागली की तिचं दव होतं. फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवली की तिला घाम फुटतो, तोच प्रकार. दिवसभर २२ अंशांवर गार झालेली लोखंडी फळी, भिंत आणि पुठ्ठे संध्याकाळी तसेच गार असतात. एसी बंद झाला की दाराच्या फटीतून बाहेरची दमट हवा आत येते आणि या गार वस्तूंना बिलगते. एसीच्या आत साठलेलं पाणीही पुन्हा हवेत मिसळतं. एका खोलीत मी मापक ठेवून पाहिला, तर शुक्रवारी संध्याकाळी ६० च्या खाली असलेला आकडा सोमवारी सकाळी ८० च्या पुढे गेला होता. दर आठवड्याला तीन रात्री आणि दोन दिवस ते खंड ओल्या हवेत बसत होते.

माझं स्पष्ट मत : अर्धवेळ एसीपेक्षा एसी नसलेला बरा. चोवीस तास चालवणं परवडत नसेल तर तो कपाटांच्या खोलीतून काढून वाचकांच्या खोलीत लावा. कपाटांच्या खोलीत पंखे ठेवा, हवा हलती राहील. पाऊस पडत असताना खिडक्या बंद ठेवा, उघडीप असेल त्या दुपारी उघडा. एसी ठेवायचाच असेल तर २६-२७ अंशांवर ठेवा, खोली थंडगार करायच्या मागे लागू नका.

पैसे असतील तर हवेतलं पाणी ओढणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, एसीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. पण त्याची बादली भरली की ते थांबतं आणि रात्री ती रिकामी करायला कोणी नसतं. नळी थेट मोरीत सोडा. खिडक्या-दारं बंद ठेवा, नाहीतर ते साऱ्या गल्लीचं पाणी ओढत बसेल. आणि जुन्या इमारतीत चोवीस तास यंत्र चालवण्याआधी वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा स्विच, बसवा. ओलीने पुस्तक डागाळतं, आगीत मात्र काहीच उरत नाही.

पाचवी : भिंत आतून ओली की बाहेरून?

भिंतीला लोणा लागला असेल, रंगाचे पोपडे निघत असतील, तर हे करा. फूटभर लांबी-रुंदीचा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते भिंतीतूनच येतं आहे. खोलीकडच्या बाजूला असेल तर ते हवेतलं दव, मग चौथ्या तपासणीकडे परत जा. हा फरक कळल्याशिवाय वॉटरप्रूफिंगवर पैसे घालू नका.

पाणी भिंतीतलं निघालं तर वर जाऊन पाहा. गच्चीवर पाणी जायच्या भोकात कबुतरांची पिसं आणि पिंपळाची पानं अडकलेली असतात, ती काढणं मे महिन्यातलं काम. वरच्या मजल्यावरची मोरी नेमकी कुठे आहे ते विचारा, गोडीने विचारा. पुस्तकं जपण्यासाठी विचारताय हे कळलं की लोक मदत करतात, असा माझा अनुभव आहे. दुरुस्ती लांबणार असेल तर कपाट हलवा. सोसायटीच्या सभेची वाट पाहायला कागदाला वेळ नसतो.

सहावी : सुप्त बुरशी झाडणं

खोली सुधारल्यानंतरच हे काम, आणि ब्रशने पुडीसारखी उडणाऱ्या बुरशीवरच. व्हरांड्यात, वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. मऊ ब्रशने पाठीकडून कडेकडे झाडा. हेपा गाळणीचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, व्हॅक्यूम असेल तर त्याचं तोंड जवळ धरा, कागदाला लावू नका. साधा व्हॅक्यूम वापरू नका, तो बीजाणू एका टोकाने ओढून दुसऱ्या टोकाने खोलीभर पसरवतो. फळ्या मात्र ७० टक्के अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच खंड ठेवा.

ओलं फडकं, फिनेल, ब्लीच, अत्तर कागदाला लावू नका. पुस्तकं उन्हात वाळवू नका, कडक उन्हात पुठ्ठे वाकतात आणि कागद आणखी ठिसूळ होतो. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही, त्यांची वाफ मात्र तिथे बसणाऱ्या माणसांच्या छातीत जाते. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोथ्यांत ठेवत आले आहेत. त्यांचा रोख किड्यांवर असतो. बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नका, आणि हिरवा पाला तर ओल घेऊनच येतो. पोथीचं लाल बासन धूळ आणि उजेड अडवायला छान, पण त्याच्या कोपऱ्यावर ओला कापूस दाबून रंग सुटतो का ते आधी पाहा. जुन्या गठ्ठ्यांत पांढरी पूड सापडली तर फुंकू नका, ते एखादं जुनं कीटकनाशक असू शकतं.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. टेप काही वर्षांत गळून पडते, तिचा पिवळा चिकटा मात्र कागदात कायमचा राहतो. नव्या बाइंडिंगला देताना कडा कापू नका असं बाइंडरला लिहून द्या, वर्तमानपत्राचा कडेचा स्तंभ मी असा गेलेला पाहिला आहे. खळीत मोरचूद घालायची पद्धत आहे, तीही नको म्हणून सांगा. त्याने किडे दूर राहतात, पण त्यातलं तांबं कागदाला हळूहळू खातं.

पाणीच शिरलं तर

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस तळमजल्यावरची कोणतीही वाचनालयं विसरणार नाहीत. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून इथे क्रम बदलतो, आधी कागद. चिंब खंड उघडू नका, हाताने दाबून पिळू नका, खाली फळी धरून आडवे उचला. मोजकेच आणि दमट असतील तर दर पंधरा-वीस पानांनंतर टीपकागद घाला, दर काही तासांनी बदला, पंखा खोलीत असू द्या पण थेट पानांवर नको. गुळगुळीत कागदाचे अंक सर्वांत आधी घ्या, चिकटून सुकले की पुन्हा सुटत नाहीत.

भिजलेले खंड डझनावारी असतील तर वाळवत बसू नका. उणे १८ अंशांच्या खाली गोठवले की बुरशी जागच्या जागी थांबते आणि तज्ज्ञ येईपर्यंत आठवडे मिळतात. मुंबईत शीतगृहांची कमी नाही. कोणतं शीतगृह अडीनडीला जागा देईल, हे मेमध्येच विचारून फोन नंबर भिंतीवर लावा.

इथे थांबा, तज्ज्ञ बोलवा

बुरशी ओशट पसरते आहे आणि चार-पाचपेक्षा जास्त खंडांवर आहे. पानांचा एकजीव गठ्ठा झाला आहे. कागद बोटाखाली तुटतो आहे. हस्तलिखित, नकाशा, हाताने रंगवलेलं चित्र किंवा पाण्याने फुटणारी शाई आहे. दुसरी प्रत कुठेच नाही असं दुर्मीळ पुस्तक आहे. कपाटात जिवंत वाळवी आहे. यांपैकी एकही गोष्ट असेल तर ब्रश खाली ठेवा. भिंतीत तडे असतील, छताचं सळईचं गंजलेलं लोखंड दिसत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर, पुस्तकांचं नंतर.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे. या कामासाठीची राष्ट्रीय प्रयोगशाळा लखनौला आहे. राज्याचं पुराभिलेखागारही फोर्टमध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. कुठे जायचं कळत नसेल तर यांच्याकडे विचारपूस करून सुरुवात करा. कोणीही तज्ज्ञ आला तरी त्याला एकच प्रश्न विचारा : ही दुरुस्ती पुढे कोणाला उलटवता येईल का? पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरणार असेल तर पाण्याने ती सुटते. गरम प्लास्टिकचं लॅमिनेशन सुचवत असेल तर नम्रपणे नको म्हणा. आम्ल काढायची प्रक्रियाही त्याच्याच हातची, घरगुती चुन्याच्या निवळीचे प्रयोग करू नका.

अशा वेळी एक सल्ला हमखास येतो : "स्कॅन करा आणि मूळ प्रती रद्दीत द्या." स्कॅन जरूर करा, वाचकांना तेच द्या, मूळ खंड कमी हाताळला जाईल. पण मूळ प्रत देऊ नका. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला देशातल्या चार ग्रंथालयांकडे प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत द्यावी लागते, त्यांतलं एक मुंबईत आहे, आणि १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रंही आली. त्याआधीच्या काळातलं छोटं साप्ताहिक, गिरणगावातलं पत्रक, एखाद्या ज्ञातिसंस्थेचं मासिक यांची उरलेली एकमेव फाइल तुमच्याच कपाटात असू शकते. पुसट स्कॅनमध्ये न लागणारा शब्द मूळ कागदावर टॉर्च तिरपा धरला की वाचता येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

साफ झालेला खंड लगेच जुन्या जागी नेऊ नका. तीन आठवडे वेगळ्या फळीवर ठेवून दर चार दिवसांनी टॉर्चने पाहा. मग कागदाच्या पट्टीवर पेन्सिलने तारीख, फळी आणि त्या दिवसाची आर्द्रता लिहा, आणि ती पट्टी पुठ्ठ्याच्या आत ठेवा. शाईचं पेन नको, ओल लागली की शाई पानावर उतरते.